आईचा युव्हायटिस हटत नाही, आता डोळ्यातल्या जेलीची बायोप्सी सांगितली आहे

साळुंकी
नमस्कार मंडळी. आई ६४ वर्षांची, नाशिकला असते. मागच्या दिवाळीच्या सुमारास उजव्या डोळ्याने धुरकट दिसायला लागलं, समोर काहीतरी तरंगतंय असं म्हणायची. डोळा लाल नाही, दुखत नाही. मोतीबिंदू असेल म्हणून दाखवलं तर डॉक्टर म्हणाले आतून सूज आहे, युव्हायटिस. स्टिरॉइडचे थेंब झाले, मग गोळ्या. छान फरक पडला. डोस कमी केला की पुन्हा धूर. टीबीची मांटू टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून टीबीची औषधं सुरू केली, सोबत स्टिरॉइड होतंच. परत बरं, परत जैसे थे. आणि आता डाव्या डोळ्यातही तेच सुरू झालंय.

मुंबईच्या रेटिनाच्या डॉक्टरांनी सगळी फाईल पाहिली आणि म्हणाले, स्टिरॉइड हळूहळू बंद करू, व्हिट्रेक्टॉमी (डोळ्यातली जेली काढायचं ऑपरेशन) करू आणि ती जेली तपासायला पाठवू. जाता जाता "लिम्फोमा नाही ना, तेवढं बघून घेऊ" असं म्हणाले. आम्ही कॅबिनमधून बाहेर आलो तेव्हा कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

आता घरात दोन तट आहेत. मामा म्हणतो सुई लावली की कॅन्सर पसरतो, डोळ्याला हात लावू देऊ नका. आई म्हणते, गोळ्यांनी बरं वाटत होतं ना, मग त्याच चालू ठेवा. मला विचारायचंय की सूज आणि कॅन्सर यात इतका घोळ खरंच होऊ शकतो का? आणि बायोप्सी करावी का?

अटक_मटक
वाचतोय. जाणकार येतीलच. (धागा उघडल्यापासून मलाही डोळ्यांसमोर ठिपके दिसू लागलेत, तो भाग वेगळा.)

टेकडीवरचा
सेकंड ओपिनियन घ्या. वर्षभर एकच औषध देऊन बरं होत नसेल तर डॉक्टर बदला, एवढं साधं आहे.

साळुंकी
@टेकडीवरचा, हे सेकंड ओपिनियनच आहे हो. पहिल्या डॉक्टरांनीच चिठ्ठी देऊन मुंबईला पाठवलं.

भिंगवाला
मी डोळ्यांचा डॉक्टर आहे. कॅन्सरवाला नाही, साधा ओपीडीवाला. युव्हायटिसचे रुग्ण नेहमी येतात म्हणून लिहितो. इथे बसून निदान करता येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

घोळ होऊ शकतो का? होतो, आणि तो का होतो हे समजून घेण्यासारखं आहे. डोळ्याच्या आत सूज येते तेव्हा आम्हाला स्लिट लॅम्पमधून (डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकातून) दिसतात त्या पेशी. जेलीत तरंगणारे पांढरे कण. त्या कणांवर "मी सुजेची" किंवा "मी कॅन्सरची" असं लिहिलेलं नसतं. लिम्फोमा हा पांढऱ्या पेशींचाच कॅन्सर, त्यामुळे तो जेलीत पसरला की हुबेहूब युव्हायटिस दिसतो. अशा सोंगाला आमच्याकडे मास्करेड सिंड्रोम म्हणतात. १९६७ साली थिओडोर नावाच्या नेत्रतज्ज्ञांनी हे नाव पहिल्यांदा वापरलं, तेही आतल्या कॅन्सरसाठी नाही. डोळे आलेत म्हणून महिनोन् महिने थेंब घालत राहिलेल्या रुग्णांमध्ये पुढे बाहेरच्या पातळ आवरणाचा कॅन्सर निघाला होता, त्यासाठी.

आता स्टिरॉइड. सगळी फसगत इथे होते. स्टिरॉइडने सूज उतरते हे सगळ्यांना माहीत आहे. पण लिम्फोमाच्या पेशीही स्टिरॉइडने मरतात, निदान काही काळ तरी. म्हणजे औषध लागू पडलं हा सूज असल्याचा पुरावा होत नाही. घरात धूर कोंडला, पंखा लावला, धूर गेला, म्हणून चूल विझली असं कुणी म्हणत नाही. आईंना गोळ्यांनी बरं वाटलं हे शंभर टक्के खरं आहे, पण त्यावरून आजार कुठला हे ठरत नाही.

तुमच्या मुंबईच्या डॉक्टरांना शंका का आली असेल, त्याचा अंदाज करता येतो. साठी उलटल्यावर आयुष्यात पहिल्यांदाच युव्हायटिस. डोळा लाल नाही, दुखत नाही. डोस उतरवला की परत. आधी एक डोळा, मग दुसरा. आणि बऱ्याचदा आम्हाला असं दिसतं की जेलीत पेशींची गर्दी भरपूर आहे, पण त्या मानाने माणूस तक्ता बराच वाचतो, आणि ओसीटी स्कॅनमध्ये पडद्याच्या (रेटिनाच्या) मध्यभागी पाणी साचलेलं नाही. खऱ्या जुनाट युव्हायटिसमध्ये ते पाणी पुष्कळदा साचतं.

पण याच वयात साधा युव्हायटिसही होतो, सारकॉइड (अंगात बारीक गाठी करणारा सुजेचा आजार) होतो, टीबीही होतो. युव्हायटिसच्या बहुसंख्य रुग्णांना कॅन्सर नसतो. शंका आली म्हणजे निदान झालं असं धरून रडारड सुरू करू नका.

वरणभात
भिंगवाला डॉक्टर, एवढं सोप्या भाषेत आमच्या डॉक्टरांनी सांगितलं असतं तर अर्धा आजार तिथेच पळाला असता.

भिंगवाला
ओपीडीत रांग लागलेली असते हो. इथे मी रविवारी दुपारी जेवून बसलोय.

वैद्यबुवा
त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धुवा, गाईच्या तुपाचं नेत्रतर्पण करा. स्टिरॉइड हे विष आहे. आत सुई घालण्याआधी महिनाभर हे करून बघायला काय हरकत आहे?

लॅबवाली
हरकत आहे. बाई आधीच वर्ष घालवून बसल्यात आणि दुसरा डोळा सुरू झालाय. सूजच असेल तर पडद्याचं नुकसान होत राहील, लिम्फोमा असेल तर तो मेंदूकडे जाऊ शकतो. महिनाभर "बघायला" तुमचं काय जातं?

वैद्यबुवा
ॲलोपॅथीवाल्यांचा नेहमीचा सूर. असो. शुभेच्छा.

कऱ्हाकाठ
मला वेगळाच मुद्दा मांडायचाय. आपल्याकडे मांटू पॉझिटिव्ह आली की टीबीच्या गोळ्या प्रसादासारख्या वाटतात. माझ्या मेहुण्याला डोळ्यासाठीच एकेटी (टीबीची औषधं) दिली होती. पोटाची वाट लागली, रंग ओळखायला त्रास व्हायला लागला, आणि शेवटी निघालं काय तर टीबी नव्हताच. मांटू तर आपल्याकडे कितीतरी जणांची पॉझिटिव्ह येईल.

भिंगवाला
@कऱ्हाकाठ, तुमचा राग समजतो, अर्धा मान्यही आहे. मांटू किंवा रक्ताची इग्रा टेस्ट एवढंच सांगते की शरीराची टीबीच्या जंतूशी कधीतरी गाठ पडलेली आहे. डोळ्यातला आजार त्यामुळेच आहे, हे ती सांगत नाही. आपल्याकडे अशी गाठ पडलेली माणसं ढिगाने आहेत. पण दुसरी बाजू ऐका. डोळ्याच्या टीबीत जंतू क्वचितच हाती लागतो. डोळ्यातून नमुना काढणं हे थुंकी तपासण्याइतकं सोपं नाही. म्हणून बरंचसं निदान परिस्थितीजन्य पुराव्यावर होतं, औषध देऊन पाहावं लागतं. त्यात चूक होऊ शकते, पण त्यामागे लबाडी नसते.

खरी गोम अशी की एकेटीसोबत स्टिरॉइड दिलेलं असतं. रुग्ण सुधारला की श्रेय एकेटीला जातं. म्हणून किती दिवसांत सुधारणा झाली यापेक्षा स्टिरॉइड थांबवल्यावर सुधारणा टिकली का, हे विचारायचं. साळुंकींच्या आईच्या बाबतीत ती टिकली नाही.

रंगांचं जे म्हणालात ते एकेटीतल्या एथाम्ब्युटॉल या औषधामुळे होऊ शकतं. ते दृष्टीच्या नसेवर परिणाम करतं. ते औषध चालू असताना लाल-हिरव्या रंगात फरक वाटला किंवा मधोमध अंधुक वाटलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. पुढच्या तारखेची वाट बघायची नाही.

नागपुरी_संत्रं
आमच्याकडे याच्या अगदी उलट झालं, म्हणून लिहून ठेवतो. बाबांच्या डोळ्यात पडद्यामागे पिवळसर गाठ दिसली. एका ठिकाणी थेट ट्यूमर म्हणाले, डोळा काढावा लागेल इथपर्यंत बोलणं गेलं. आईने देव पाण्यात घातले. दुसऱ्या ठिकाणी छातीचा सीटी केला, तिथे टीबीच्या गाठी सापडल्या, आणि डोळ्यातली गाठही टीबीचीच असणार म्हणून एकेटी सुरू केली. गाठ बसत गेली. आज बाबा पेपर वाचतात आणि संपादकांना शिव्या घालतात. सांगायचं हे की टीबीही कॅन्सरचं सोंग घेतो. सोंग दोन्हीकडून चालतं.

अटक_मटक
म्हणजे डोळ्याच्या आत रोजच दशावतार.

हिवाळा
मी लीड्सला असते. इकडे डोळ्याच्या कॅन्सरसाठी मोजकी केंद्रं आहेत. मोठ्यांसाठी लंडन, लिव्हरपूल, शेफिल्ड आणि ग्लासगो, लहान मुलांच्या रेटिनोब्लास्टोमासाठी (डोळ्याच्या पडद्याच्या कॅन्सरसाठी) बर्मिंगहॅम आणि लंडन. इकडे डोळ्याचा कॅन्सर म्हटलं की आधी मेलानोमा (रंगद्रव्याच्या पेशींचा कॅन्सर) मनात येतो. गोऱ्या कातडीच्या आणि निळ्या-घाऱ्या डोळ्यांच्या लोकांत तो जास्त. माझ्या शेजारच्या आजोबांचा एका डोळ्याचा काचबिंदू म्हणून उपचार चालू होता, आणि प्रेशर काही उतरेना. नंतर बुबुळाभोवती कड्यासारखा पसरलेला मेलानोमा निघाला. भारतीयांत हा दुर्मिळ, असं इथल्या नर्सने मला सांगितलं.

भिंगवाला
बरोबर सांगितलं. भारतीय डोळ्यांत मेलानोमा खूपच कमी दिसतो. आपल्याकडचे बहुरूपी वेगळे आहेत. एकाच डोळ्याचं प्रेशर विनाकारण वाढलं, एकाच डोळ्याची सूज हटत नाही, एकाच पापणीची लाली जात नाही, तर कान टवकारायचे.

मनीमाऊ_७
पापणीवरून आठवलं. थोडं अवांतर होतंय, पण सासूबाईंना वरच्या पापणीला सारखी रांजणवाडी यायची. घरात सगळे वैद्य. लवंग उगाळून लावली, शेक दिला, कुणी सांगितलं म्हणून लसणाची पाकळी फिरवली (डोळ्यातून घळाघळा पाणी, बाकी शून्य). डॉक्टरांनी एकदा चिरा देऊन साफ केली. काही महिन्यांनी त्याच जागी परत. दुसऱ्यांदा चिरली तेव्हा वेगळ्या डॉक्टर होत्या, त्यांनी निघालेलं सगळं लॅबला पाठवलं. रिपोर्ट सिबेशियस (पापणीतल्या तेलकट) ग्रंथीचा कॅन्सर. तोवर त्या भागातले पापणीचे केसही झडले होते, पण वयामुळे असेल म्हणून कुणाचं लक्षच गेलं नाही. पापणीचा तुकडा काढून नवीन पापणी बांधली. आता बऱ्या आहेत, पण तपासणीला जावं लागतं.

लॅबवाली
@मनीमाऊ_७, हे अजिबात अवांतर नाही. त्या दुसऱ्या डॉक्टरांना माझा नमस्कार सांगा. मी पॅथॉलॉजीत आहे. सिबेशियस कार्सिनोमा पाश्चात्त्य देशांत विरळ. तिकडे पापणीला बेसल सेलचा कॅन्सर जास्त. आपल्याकडे मात्र पापणीच्या कॅन्सरमध्ये याचा वाटा मोठा आहे. वरच्या पापणीत जास्त होतो, कारण त्या तेलकट ग्रंथी तिथे जास्त असतात. आणि हा नेहमी गाठ होऊनच येतो असंही नाही. कधी नुसता पापणीच्या आणि आतल्या आवरणाच्या कातडीतून सरपटत पसरतो. तेव्हा गाठ दिसत नाही, फक्त एक डोळा लाल आणि पापणीची कड जाड. डोळे आलेत म्हणून थेंब, ॲलर्जी म्हणून थेंब, कोरडेपणा म्हणून थेंब. रांजणवाडी त्याच जागी पुन्हा आली तर चिरल्यावर जे निघेल ते कचऱ्यात टाकू देऊ नका, तपासायला पाठवा म्हणून सांगा. खर्च फार येत नाही.

आता साळुंकींच्या मूळ प्रश्नावर. जेलीचा नमुना हा आमच्यासाठी सगळ्यात नाजूक नमुन्यांपैकी एक. पेशी मुळात कमी असतात आणि लिम्फोमाच्या पेशी शरीराबाहेर काढल्या की भराभर फुटतात. स्टिरॉइड चालू असताना नमुना घेतला तर आमच्या हाती मेलेल्या पेशींचा चिखल येतो आणि रिपोर्ट निगेटिव्ह जातो. त्यामुळे आधी स्टिरॉइड उतरवायचं म्हणतायत ते डॉक्टर जाणते आहेत. ते हळूहळूच उतरवायचं असतं बरं का. इतके महिने घेतलेल्या गोळ्या आपल्या मनाने एकदम बंद केल्या तर माणूस चक्कर येऊन पडू शकतो, त्याहून वाईटही होऊ शकतं.

ऑपरेशनच्या आधी लॅबला कळवलंय का, हे विचारा. नमुना लगेच पोहोचला पाहिजे. सुरुवातीला पाणी न मिसळता जेली काढली पाहिजे. स्लाइडवर पेशी बघायच्याच, शिवाय शक्य असेल तिथे त्याच द्रवात इंटरल्यूकिन १० आणि ६ ही पेशींनी सोडलेली प्रथिनं मोजतात. या लिम्फोमाच्या पेशी इंटरल्यूकिन १० भरपूर सोडतात, साध्या सुजेत ६ जास्त असतं. १० हे ६ पेक्षा वरचढ निघालं तर संशय बळावतो. एमवायडी८८ नावाच्या जनुकातला एक ठरावीक बदलही बऱ्याच रुग्णांत सापडतो. पेशी कमी असल्या तरी ही चाचणी कधी कधी वेळ निभावून नेते. आणि पहिला रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी शंका दाट असेल तर पुन्हा नमुना मागितला जातो. तेव्हा चिडू नका.

टेकडीवरचा
हे सगळं ठीक, पण मामांचं उत्तर कुणी दिलंच नाही. सुई लावली की पसरतो, हे खरं की खोटं? आमच्या गावातही सगळे हेच म्हणतात.

वरणभात
अंधश्रद्धा. पुढे चला.

पारिजात
थांबा. एवढ्या सहज अंधश्रद्धा म्हणू नका. मला यावर लिहायचंय.

माझा मुलगा सहा वर्षांचा होता. एका डोळ्यात बुबुळाच्या खालच्या बाजूला पांढरा थर दिसायला लागला, पू साचल्यासारखा. डोळा थोडा लाल. आमच्या भागातल्या डॉक्टरांना वाटलं काहीतरी लागलंय, आत जंतुसंसर्ग झालाय. त्यांनी अँटिबायोटिक दिलं. आतला द्रव सुईने काढून तपासायचंही बोलणं झालं, पण मूल लहान, भूल लागणार, म्हणून मोठ्या केंद्रात पाठवलं. तिथल्या बाईंनी पहिलं वाक्य उच्चारलं ते असं: "कुणी डोळ्यात सुई घातली नाही ना?" नाही म्हटल्यावर त्या खुर्चीत मागे टेकल्या.

सोनोग्राफी, एमआरआय, मग भूल देऊन तपासणी. रेटिनोब्लास्टोमा. पडद्यावर गोळा होऊन वाढणारा नाही, पसरट वाढणारा प्रकार. तो कमी मुलांत होतो, जरा मोठ्या वयात होतो, आणि त्यात नेहमीची पांढरी चमक किंवा चुन्याचे ठिपके दिसतीलच असं नसतं, म्हणून तो सुजेसारखा वाटतो. जो पू वाटत होता त्या कॅन्सरच्याच पेशी होत्या. डोळा काढावा लागला. मूल वाचलं, आता सातवीत आहे, कृत्रिम डोळ्याने क्रिकेट खेळतो आणि आउट झाला की तेच कारण सांगतो.

तर रेटिनोब्लास्टोमात मामांचं म्हणणं बरोबर आहे. सुईच्या वाटेने पेशी डोळ्याबाहेर येऊ शकतात, म्हणून तिथे बायोप्सी टाळतात आणि डोळ्यात पाहून, स्कॅन करूनच निदान करतात. आम्हाला तर सीटीही नको म्हणाले होते, एमआरआयच करा. काही मुलांत हा आजार जन्मजात जनुकातून आलेला असतो, त्यांना किरणांचा धोका जास्त. पण लिम्फोमाचं काय ते मला माहीत नाही. डॉक्टरांनी सांगावं.

अटक_मटक
पारिजात, तुमच्या लेकाला कडक सलाम. आउट होण्याचं याहून दमदार कारण ऐकलेलं नाही.

भिंगवाला
पारिजातताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. मी लिहिलं असतं तर पुस्तकी झालं असतं.

@टेकडीवरचा आणि मामांसाठी: नियम कॅन्सरप्रमाणे बदलतो. लहान मुलाच्या डोळ्यात पू किंवा सूज दिसली आणि कारण सापडेना, तर रेटिनोब्लास्टोमा नाही याची खात्री होईपर्यंत सुई नाही. लिम्फोमात उलट आहे. त्याचं निदान नमुन्याशिवाय होत नाही, आणि निदानाशिवाय कुणी केमो देणार नाही. त्यात कापून गाठ काढणं हा उपचारच नव्हे. पेशी जेलीत आधीच सुट्या तरंगत असतात. धोका आहे तो व्हिट्रेक्टॉमीचा, कुठल्याही ऑपरेशनला असतो तसा. रक्त येणं, जंतुसंसर्ग, पडदा सुटणं, नंतर मोतीबिंदू लवकर वाढणं. हे त्यांना समोर बसून विचारा.

आणि पसरण्याचंच म्हणाल तर या लिम्फोमाचा खरा रस्ता मेंदूकडे जातो. डोळ्यात सापडलेल्या निम्म्याहून अधिक रुग्णांत आज ना उद्या मेंदूतही दिसतो. सुई न लावल्याने तो रस्ता बंद होत नाही. म्हणून बायोप्सीसोबत मेंदूचा कॉन्ट्रास्ट एमआरआय सांगतात.

उंबरठा
एक छोटं. आत्याला डोळ्यापुढे पडदा आल्यासारखं झालं. सूज आहे, आत पाणी साचलंय म्हणून उपचार झाले. आठ वर्षांपूर्वी स्तनाचा कॅन्सर झाला होता, ते तिने डोळ्याच्या डॉक्टरांना सांगितलंच नाही. "डोळ्याचा नि त्याचा काय संबंध" म्हणाली. होता संबंध. तिथूनच डोळ्यात आला होता. डॉक्टरांना जुने आजार सगळे सांगा रे बाबांनो, कितीही जुने असोत.

भिंगवाला
+१. मोठ्या माणसांच्या डोळ्याच्या आत जे कॅन्सर होतात त्यात दुसरीकडून आलेलेच सर्वांत जास्त. बायकांत स्तनातून, पुरुषांत फुफ्फुसातून. रक्ताच्या कॅन्सरमधून बरी झालेली मुलंही कधी डोळ्यात पांढरा थर घेऊन येतात, तो आजार परतल्याचा पहिला इशारा असू शकतो.

कऱ्हाकाठ
हा धागा वाचून आज रात्री आख्खं संस्थळ आरशासमोर बॅटरी घेऊन उभं राहणार आहे.

मनीमाऊ_७
मी आधीच उभी राहून आले. माझ्या डोळ्यापुढे खरंच एक माशी फिरते हो डॉक्टर, बरीच वर्षं.

भिंगवाला
बरीच वर्षं फिरणारी एक माशी घरची समजा. वयाने, आणि मोठा मायनस नंबर असेल तर जरा लवकर, जेली आकसते, तिचे धागे दिसतात. अचानक खूप माश्या, वीज चमकल्यासारखं, किंवा बाजूने पडदा उतरतोय असं वाटलं तर मात्र त्याच दिवशी रेटिना तपासून घ्या. ते कॅन्सरसाठी नाही, पडदा फाटलाय का ते बघायला.

हिवाळा
साळुंकी, काय झालं पुढे? धागा खाली जायच्या आत कळवा.

साळुंकी
मंडळी, उशिरा आले, क्षमस्व. धाग्याचे प्रिंट काढून मामाला वाचायला दिले होते. पारिजातताईंचं वाचून तो गप्प झाला, म्हणाला "म्हणजे मी अगदीच चुकीचं बोलत नव्हतो". तेवढ्यावर तहाची बोलणी झाली. आईला भिंगवाला डॉक्टरांचं पंख्याचं पटलं. स्टिरॉइड टप्प्याटप्प्याने उतरवलं. त्या काळात दृष्टी इतकी खाली गेली की ती देवाची पोथी मला वाचायला लावायची. ते दिवस फार वाईट गेले.

नमुना उजव्या डोळ्याचा घेतला. लॅबला आधी कळवलंय का विचारलं तर डॉक्टर हसले, "तुम्हाला कुणी सांगितलं?" म्हणाले. लॅबचा माणूस डबा घेऊन ऑपरेशन थिएटरबाहेरच उभा होता.

रिपोर्ट आला. मोठ्या बी पेशींचा लिम्फोमा. इंटरल्यूकिन १० सहाच्या कितीतरी पट. मेंदूचा एमआरआय स्वच्छ आहे, पाठीतल्या पाण्यातही काही नाही. पोट-छातीचा पेट स्कॅनही ठीक.

आता नवा पेच. डोळ्याचे डॉक्टर म्हणतात दोन्ही डोळ्यांत मेथोट्रेक्सेट या केमोच्या औषधाची इंजेक्शनं, सुरुवातीला आठवड्यातून दोनदा, मग आठवड्याला, मग महिन्याला, असं वर्षभर. रक्ताच्या कॅन्सरचे डॉक्टर म्हणतात त्यासोबत शिरेतून मोठ्या डोसचं मेथोट्रेक्सेटही द्यावं, मेंदूच्या बचावासाठी. दोघे एकमेकांशी बोलतायत, भांडण नाही. पण आम्हाला निवड करा म्हणतात.

लॅबवाली
साळुंकी, निदान हातात आलं हे आधी मोठं समजा. अनेकांना ते मेंदूत गेल्यावर कळतं.

भिंगवाला
यावर जगभरातल्या तज्ज्ञांचंच एकमत नाही, त्यामुळे इथे कुणी छातीठोक सांगितलं तर ऐकू नका. आजार फक्त डोळ्यांत असताना फक्त डोळ्यांवर उपचार करून लक्ष ठेवणारी केंद्रं आहेत, आणि सुरुवातीलाच अंगभर औषध देणारीही आहेत. मोठ्या डोसला मूत्रपिंड चांगली लागतात, दर वेळी भरती व्हावं लागतं, रक्तातली पातळी मोजत ल्युकोव्होरिन (त्याचा उतारा) द्यावं लागतं. आईंचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी), साखर, एकूण ताकद बघून ते दोघे ठरवतील. तुम्ही एवढंच विचारा: फक्त डोळ्यांचे उपचार केले तर मेंदूचा एमआरआय किती महिन्यांनी परत करायचा, आणि त्यात काही दिसलं तर पुढे काय करणार.

डोळ्यातल्या इंजेक्शनांनी पुढे डोळ्याचा वरचा थर खरवडल्यासारखा होतो, टोचतं, पाणी येतं. आजार उलटला म्हणून घाबरू नका, पण सांगा. त्यावर अंतर वाढवणं, औषध बदलणं असे मार्ग आहेत. रिटुक्सिमॅब हे लिम्फोमाचं दुसरं औषधही डोळ्यात देतात.

साळुंकी
विचारते. आई म्हणते "डोळ्यात सुई घ्यायची सवय झाली की शिरेतली किरकोळ". तिचं ठरलेलं दिसतंय. राहण्याची सोय बघायची आहे, नाशिकहून सारखं येणं-जाणं तिला झेपणार नाही.

वरणभात
परळला टाटामध्ये उपचार होणार असतील तर दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे, तिथे कॅन्सरचे रुग्ण आणि सोबतचे लोक राहतात. हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागातून चिठ्ठी घ्या, त्यांच्याकडे इतर जागांची यादीही असते. आधी फोन करून जागा आहे का बघा, नाहीतर सामान घेऊन फुटपाथवर उभं राहावं लागतं.

लॅबवाली
आणि स्लाइड्स व पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला नमुना) पहिल्या लॅबमधून स्वतः मागून घ्या, नुसता रिपोर्टचा कागद चालत नाही. मोठी केंद्रं स्लाइड्स स्वतः परत वाचतात. एमआरआयची सीडी घ्या, फिल्मवर भागत नाही. लॅबकडून घेताना सही करून पावती मागा.

साळुंकी
सीडी आहे. स्लाइड्सचं उद्या सकाळीच बघते.